नकार कसा लिहावा

९ ऑगस्ट १९८२, सोमवार

नाही म्हणाले! पण कसे म्हणाले, तेच लिहून ठेवले पाहिजे.

इष्टलिंगाची पूजा आटोपली, कपाळीचे भस्म वाळते न वाळते तोच पोस्टमन नरसिंग दारात उभा. पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरलेले. म्हणतो, "गुर्जी, कोपरा शाबूत हाय. म्हंजे कुणी गेलं न्हाई."

खरेच आहे. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, लग्नाच्या पत्राला हळदीकुंकू लागलेले असते. उघडण्यापूर्वीच मन आपली तयारी करून ठेवते. या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाकिटाला मात्र चेहराच नाही.

सिंधु म्हणाली, "अज्जा, तुमीच वाचा. तुमच्या आवाजात वाईटबी बरं वाटतं." नातीची अशी स्तुती पुण्याईनेच मिळते. वाचले. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला अर्ज विचारात घेण्यात आला असून तो स्वीकारता येत नाही." इतकेच. कोणी विचारात घेतला? कोणाला स्वीकारता येत नाही? पुराणांतली आकाशवाणीसुद्धा याहून आपुलकीची असते. तिथे निदान ऐकणाऱ्याचे नाव तरी घेतात!

पोरीला बारावीला एक्याऐंशी टक्के आहेत. सहा वर्षांची असताना माझ्या छातीला कान लावून म्हणाली होती, "अज्जा, आत कबुतर हाय." तेव्हापासून तिला डॉक्टरच व्हायचे आहे. अर्ज तीन ठिकाणी केले. तिन्हीकडून नकार आला तर नांदेडच्या अध्यापिका विद्यालयात जागा आहे. पाच ऑक्टोबरपर्यंत होकार कळवायचा. तिचा बाप, म्हणजे माझा शिवलिंग, एसटीत वाहक आहे. त्याने एकदाच सांगितले — "पोरगी एक वर्ष घरी बसवणार न्हाई." त्यालाही दोष देता येत नाही.

दोन पत्रे यायची आहेत.

१२ ऑगस्ट, गुरुवार

दुसरे आले. हे तर पाकातले!

"आपल्यासारख्या गुणवंत विद्यार्थिनीने आमच्या संस्थेकडे अर्ज केला, याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो..." सून महानंदा तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आली, गूळ आणायला वळलीसुद्धा. पुढचे वाक्य येईपर्यंत भाकरी करपली. "...तथापि जागांच्या मर्यादेमुळे या वेळी योग जुळून येऊ शकला नाही. आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा."

महानंदा म्हणाली, "मामा, ही लोकं न्हाई म्हनून राहिलेत का सत्कार करून राहिलेत?"

योग जुळून येत नाही! जणू स्थळच सांगून आले होते. सिंधु हसत होती. रात्री मात्र जेवली नाही.

१६ ऑगस्ट, सोमवार

जिल्हा झाला! श्रावणातला शेवटचा सोमवार, आणि आपला लातूर जिल्हा. उस्मानाबादला कागदासाठी दोन-दोन दिवस घालवलेली आमची पिढी. आज लहान मुलांसारखी चौकात उभी राहिली. पाऊस नाही, आड तळाला गेले, अभिषेक एका पळीवर आला आहे. तरी माणसांच्या तोंडावर तेज होते. पाण्याचा टँकर आला, त्याच्या पाठीवर ओल्या रंगात "जि. लातूर". बायांनी घागरी खाली ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले! चालक ओशाळून म्हणाला, "मावशी, रंग वला हाय, हात लावू नका."

मी तर जुलैतच शुभारंभ केला होता. बातमी पक्की होताच सिंधूच्या तिन्ही अर्जांवर माझ्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिले — जिल्हा लातूर. संकल्प आधी, सिद्धी मागाहून. आज तो संकल्प सुफळ झाला.

२१ ऑगस्ट, शनिवार

उद्या गणेशचतुर्थी. मूर्ती लहान आणली. विसर्जनाला पाणी कुठले?

२६ ऑगस्ट, गुरुवार

तिसरे पत्र. घरात मी एकटाच होतो.

ना "महोदया", ना "सप्रेम". एखाद्याने दारातूनच ओरडावे तसे — "अर्जात लिहिलेला जिल्हा अर्जाच्या तारखेस अस्तित्वात नाही. रहिवासाचा दाखला दुसऱ्याच जिल्ह्याचा आहे. मराठवाड्याचा रहिवास सिद्ध होत नाही. अर्ज फेटाळला आहे. अर्ज भरताना लक्ष देत जावे."

लक्ष देत जावे! सदतीस वर्षे ज्याने विद्यार्थ्यांना हेच सांगितले त्यालाच! रागाने मी पत्र मोठ्याने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना आवाज खाली आला. तिसऱ्यांदा नुसत्या डोळ्यांनी वाचले.

हे मी केले. नुसता आनंद झाला म्हणून.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितले नाही. "तिसरे अजून यायचे आहे," म्हणालो. पत्र ट्रंकेत, पोथ्यांच्या तळाशी आहे.

३० ऑगस्ट, सोमवार

ट्रंकेत ते पत्र एकटे नाही. तिथे आणखी एक आहे, सत्तेचाळीस वर्षांचे. आज ते येथे लिहितो. आजवर कोठेच लिहिले नाही.

सन १९३५. आमचे शिक्षण उर्दूत झालेले. मी हैदराबादच्या वैद्यकशाळेकडे अर्ज केला होता. उत्तर आले. कागद रेशमासारखा, अक्षर मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. "आपली दरखास्त पाहून दिल बाग बाग झाले. आपल्यासारखा होनहार नौजवान या दफ्तराकडे वळला, ही आमची खुशनसीबी. खुदा आपला इक्बाल बुलंद करो. आइंदा मौका येताच आपली याद केली जाईल." वडिलांना वाचून दाखवले. दोघांनाही वाटले, प्रवेश मिळाला! एवढ्या अदबीत नकार असतो, हे उदगीरच्या माणसाला कसे कळावे? गावाने वाजतगाजत स्टेशनवर पोहोचवले. नवी कोरी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात माझे नाव. आत दोन धोतरे, तुपाचा गडू, ज्वारीचे पीठ.

दफ्तरातल्या वृद्ध पेशकारांनी खुर्ची दिली, चहा दिला. दुसरा चहा दिला. माझ्या ट्रंकेकडे पाहून त्यांचे डोळे भरले. तिसऱ्या चहाला म्हणाले, "बर्खुरदार, वो तो इन्कार था."

परत आलो तो खोटे घेऊनच. सांगितले, "वैद्यकी मला क्षुद्र वाटली, मी शास्त्रे शिकणार." गावाने पाय धरले. डॉक्टरकीवर लाथ मारून पोथीकडे वळलेला वैरागी! मठात गेलो, संस्कृत शिकलो, त्यात रमलो, सुख मिळाले. ते सुख मात्र खोटे नाही. पण माझ्या वैराग्याचा पाया म्हणजे मला न समजलेले एक गोड पत्र.

त्या पत्राने मला कारण सांगितले नाही. काय कमी पडले, आजही ठाऊक नाही. आणि हे तिसरे, उद्धट? त्याने मला माझी चूक बोट ठेवून दाखवली. दोन्ही कागद मांडीवर ठेवून बसलो आहे. कोणता अधिक दयाळू?

५ सप्टेंबर, रविवार

सांगितले! सगळे. आधी तिसरे पत्र, मग हैदराबादचे.

सिंधूने तिसरे पत्र हाती घेऊन वाचले. मी मान खाली घातलेली. मग एकदम असा हशा, की ओसरीवरच्या चिमण्या उडाल्या! "अज्जा! बाळ जन्मायच्या आधीच बारसं केलंत की तुमी!"

महानंदा धावत आली. तिलाही सांगावे लागले. कमरेवर हात ठेवून म्हणते, "म्हंजे आमच्या लग्नात जे सांगितलं — सासरा साधू हाय, डॉक्टरकीवर लाथ मारली — ते?"

म्हणालो, "लाथ खरी होती, महानंदा. मारणारा मी नव्हतो."

पदर तोंडात धरूनही तिचे हसू आवरेना. इतकी वर्षे जे ओझे पापाचे म्हणून वाहिले, ते दोघींनी अर्ध्या घटकेत हसण्यावारी नेले. प्रायश्चित्ताचे इतके प्रकार वाचले; हा कोठे वाचला नव्हता!

शेवटी डोळे पुसत सिंधूने ते तिसरे पत्र पुन्हा वाचले. "अज्जा, ह्यात कारण दिलंय. कारण हाय म्हंजे दुरुस्ती हाय. जिल्हा आता हाय ना?"

आहे! बाळा, आहे!

९ सप्टेंबर, गुरुवार. लातूर

नव्या जिल्ह्याचे नवे कार्यालय. टेबलांना अजून वॉर्निशचा वास. दाखला लिहिणारे व्यंकटराव नावाचे गृहस्थ सगळी हकिकत ऐकून सगळ्या खोलीला ओरडून म्हणाले, "अरे, या बगा आपल्या जिल्ह्याचे पहिले रहिवासी! आपल्याही आधीपासून राहून राहिलेत!" चहा आला. शिक्का इतका कोरा की रबराला शाई धरेना. दोनदा उठवला, तिसऱ्यांदा उमटला. सिंधूने तो कागद फुंकर घालून वाळवला.

उद्या पहाटेची गाडी. तिसऱ्या महाविद्यालयाला.

११ सप्टेंबर, शनिवार

काल रात्री परत आलो. हाडे मोडली आहेत, मन मात्र नाचते आहे.

मनात होते की तो उद्धट लेखनिक भेटला तर दोन शब्द सुनवायचे. पाहतो तो एक बाई! वय चाळिशीचे, जाड भिंगांचा चष्मा, टेबलावर भगवान बुद्धांची लहानशी मूर्ती. नाव चतुराबाई. "जयभीम" म्हणाल्या, मीही हात जोडले. सिंधूचा अर्ज काढला आणि चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हे तुमचं अक्षर? अक्षर मोत्यावानी, अन् माहिती आगाऊ!"

मी म्हणालो, "बाई, चूक माझी. पण ‘लक्ष देत जावे’ हे काय लिहिणे झाले? इतर महाविद्यालयांची पत्रे पाहा, किती सौम्य!"

"सौम्य?" त्या म्हणाल्या. "त्यांनीबी याच कारणानं काढला असंल अर्ज. सांगितलं न्हाई, एवढंच. आमचे साहेबबी म्हनतेत, बाई, कारण लिहू नका, लोक भांडायला येतेत."

"मग लिहिता कशाला?"

"भांडायला यावं म्हनूनच की!"

चाळीस वर्षे वादविवादाची शास्त्रे वाचली. असे उत्तर ऐकले नव्हते.

मग टंकयंत्रावरचा हात काढून घेत हळूच बोलल्या. त्यांच्या थोरल्या भावाला याच शिक्षणासाठी असेच गोड पत्र आले होते. "कशात कमी पडलो, ते त्याला कळलंच न्हाई. त्यानं धरलं, आपनच कमी. पुन्यांदा कुठं अर्ज केला न्हाई बगा. म्या इथं लागले तवाच ठरवलं, माझ्या हातून जाईल त्या पत्रात कारण असंल. गोड लिहाया मला येत न्हाई. पोरांची नावं एवढी, अन् माझी बोटं दोन."

मी त्या बाईला नमस्कार केला. मनातून केला तो वेगळाच.

बाईंनी सिंधूचा दाखला घेतला, अर्ज दुरुस्त केला, पोच दिली. दुसरी यादी महिनाअखेरीला. निघताना म्हणाल्या, "गुर्जी, भांडायला आलात तर काम करून जा. मला एक नमुना लिहून पाठवा. न्हाई म्हनायचं, कारण सांगायचं, अन् मानूस मोडला न्हाई पायजे."

गाडीत सिंधु म्हणाली, "अज्जा, तुमाला गृहपाठ मिळाला!"

१६ सप्टेंबर, गुरुवार

पाच दिवस नमुना लिहितो आहे. पहिला मसुदा सिंधूने वाचला. "अज्जा, ह्यात नकार दुसऱ्या पानावर येतो. तवर मानूस ट्रंक भरंल!"

खरेच की. हैदराबादची अदब माझ्याही हाडात मुरली आहे! फाडला.

दुसरा फार कोरडा झाला. तिसऱ्यात इतकी सुभाषिते आली की उमेदवाराला आपण मेलो आणि ही शोकसभा चालली आहे असे वाटावे. महानंदा रांगेतून घागर घेऊन आली, दम खात ऐकले, म्हणाली, "मामा, टँकर संपला तर तो मानूस काय सांगतो? ‘संपलं. तुमच्या आधी पन्नास घागरी होत्या. उद्या सातला या.’ आमी रडत न्हाई, उद्या सातला जातो. तसं लिवा."

सगळी शास्त्रे बाजूला ठेवली. तसेच लिहिले.

१८ सप्टेंबर, शनिवार

नमुना टपालात टाकला. आजपासून अधिक मास. वर्षाचेही दिवस कमी पडतात, आणि ते त्याला मागाहून भरून मिळतात. यात किती करुणा आहे! मग पोरीलाच का मिळू नयेत?

२५ सप्टेंबर, शनिवार

पत्र नाही. शिवलिंग जेवताना म्हणाला, "आप्पा, पाच तारखेला नांदेडला होकार जाईल. हातचं सोडून पळत्याच्या मागं आपल्याला परवडत न्हाई." सिंधु "हाव" म्हणाली. त्या होकाराला आवाज नव्हता.

२९ सप्टेंबर, बुधवार

आले!

आज शिवलिंगला सुट्टी होती. तो स्वतःच म्हणाला, "आण, मीच वाचतो." थांब्यांची नावे पुकारतो त्याच खणखणीत आवाजात वाचू लागला —

"सिंधु यांस. आजच्या यादीत तुमचे नाव नाही. तुमचा दुरुस्त अर्ज येईपर्यंत जागा भरल्या होत्या, हे त्याचे कारण आहे. गुणांत तुम्ही कमी पडलेल्या नाही. प्रतीक्षा यादीत तुमचा क्रमांक दुसरा आहे. अकरा ऑक्टोबरला सकाळी दहाला स्वतः हजर राहावे. त्या दिवशी कोणी आले नाही, तर ती जागा क्रमाने दिली जाईल. मिळेलच असे नाही. येताना पाणी सोबत आणावे, इथेही टंचाई आहे."

माझीच वाक्ये! नकार मी तिसऱ्या ओळीत ठेवला होता, बाईंनी तो पहिल्या ओळीत नेला; आणि पाण्याचे वाक्य त्यांचे स्वतःचे. आपण घडवलेले शस्त्र आपल्याच नातीवर पडावे! मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा सिंधु ताठ बसली होती. रडली नाही. "कमी पडले न्हाई," एवढेच पुटपुटली.

आणि शिवलिंग? त्याने पत्र पुन्हा वाचले, या वेळी आवाज न करता. घडी घालून खिशात ठेवले. "हे मानसानं लिवलंय," म्हणाला. "खोटी आशा दाखवत न्हाई, अन् दारबी लावत न्हाई. अशा मानसाच्या शब्दावर एक खेप करायला काय हरकत हाय?"

महानंदा म्हणाली, "अन् पाच तारीख?"

त्याने खिशातली घडी काढून पुन्हा उघडली.

५ ऑक्टोबर, मंगळवार

आता नकार लिहिण्याची पाळी आमची! शिवलिंग कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आप्पा, तुमीच लिवा. तुमाला आता सवय हाय."

नांदेडच्या अध्यापिका विद्यालयास लिहिले — "सिंधु येणार नाही. तिला डॉक्टर व्हायचे आहे. ही जागा दुसऱ्या मुलीला आजच द्यावी, ती वाट पाहत असेल."

तीन ओळी. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज झाला. मागचा पूल आता नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

बापलेक निघाले. खांद्याला एक कापडी पिशवी, हातात पाण्याची कॅन. मी म्हणालो, ट्रंक ने. सिंधु पाया पडता पडता म्हणाली, "नको अज्जा. त्या ट्रंकेचा इतिहास बरा न्हाई!"

११ ऑक्टोबर, सोमवार

दहा वाजता पूजेला बसलो. मंत्र विसरलो! पन्नास वर्षांत प्रथमच. नुसता हात जोडून बसलो.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

नरसिंग सायकल रस्त्यातच टाकून पळत आला. तार. दोनच शब्द —

"ट्रंक पाठवा."

पोथ्या काढून फळीवर ठेवल्या. महानंदा झाकणावरचे माझे नाव पुसायला निघाली होती. म्हणालो, राहू दे, त्याखाली तिचे लिहू.